पटिना? पटेना!

आमच्या घरात पितळेला म्हातारं व्हायची परवानगी नाही. माणसांना आहे. माझे गुडघे वाजतात, बायकोला सुईत दोरा ओवता येत नाही, आई तर ब्याऐंशीची आहे. पण देवघरातली समई मात्र कालच कुणाच्या तरी रुखवतात मांडून आणल्यासारखी लखलखत असते. ही समई माझ्या पणजीची. म्हणजे घरातली सगळ्यांत वयस्कर बाई तीच, आणि तुकतुकीतही तीच.

ह्याचं श्रेय चिंचेला. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी आई परातीत चिंच भिजत घालते, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागवून फडक्यातून चाळते, नारळाची शेंडी घेते आणि मागच्या अंगणातल्या नळापाशी देव, समई, निरांजन, घंटा, तांब्या अशी सगळी मंडळी पाटावर ओळीनं बसवते. न्हाव्याकडे रविवारी बसतात तशी. भांडी घासायच्या पावडरीचा डबाही फळीवर आहे, पण तो आळशी सुनांसाठी काढलेला माल आहे असं तिचं मत आहे. हे ती सुनेसमोरच सांगते.

देवांना हा उपक्रम सोसलेला नाही. रांगत्या बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा तळहातात विरून गेला, त्यालाही तीसेक वर्षं झाली असतील. नाक त्याआधीच गेलं. अन्नपूर्णेची पळी आता काडी झाली आहे. नंदीची शिंगं झिजून तो इतका गोल झाला आहे की एका पाहुण्यानं विचारलं, देवघरात कासव कसं? गणपतीची सोंड उजवी की डावी हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे सोवळं कडक पाळायचं की बेतानं, हा घरातला जुना वाद आपोआप मिटला. एवढा फायदा मात्र झाला.

अशा घरात माझा भाचा आला.

भाचा ठाण्याला असतो आणि लोकांची घरं सजवतो. म्हणजे बिल्डरनं नवंकोरं करून दिलेलं घर हा मेहनतीनं जुनं करून देतो. गिलावा खरवडून विटा उघड्या पाडतो, कपाटाच्या दारांना ओरखडे काढतो आणि त्याचे पैसे घेतो. आमच्या घरात ह्या गोष्टी फुकट झाल्या आहेत, पण त्यांना पूर्वी डागडुजी म्हणायचे. पौष संपत आला होता, केसलापूरच्या नागोबाची जत्रा तोंडावर होती, आदिलाबादची थंडी हाडांत शिरत होती, तेव्हा तो नंदीग्राम एक्स्प्रेसनं उतरला आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाला, "मामा, लोकांना हल्ली पटिना हवा असतो."

"काय पटेना?" आईनं आतून विचारलं.

"पटेना नाही आजी. पटिना."

"तेच तर विचारून राह्यली. काय पटेना त्यायले?"

मग त्यानं समजावून सांगितलं. धातू हवेत राहिला की त्याच्यावर काळाचा एक रंग चढतो. तांबं आधी तपकिरी होतं, मग काळपट, आणि दमट हवेत पुष्कळ वर्षं राहिलं तर हिरवं-निळं. ह्या रंगाला पटिना म्हणतात, तो असला की वस्तूला इतिहास येतो, इतिहास आला की किंमत येते. आईनं नीट ऐकून घेतलं आणि एका शब्दात भाषांतर केलं, "कळकट."

खरं म्हणजे तिनं भाषांतर केलं नाही, मूळ शब्द परत केला. ह्या एका प्रकारासाठी आपल्याकडे भरपूर शब्द आहेत आणि एकही कौतुकाचा नाही. पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं आणि मग ते गटारात जातं, कारण तांब्याचा तो हिरवा क्षार पोटात गेला तर माणूसच हिरवा पडेल. त्या हिरव्याला जंगाल म्हणायचं, तो शब्द फारसीतून आला. आमच्या शेजारच्या अक्का त्याला तेलुगूत चिलुमु म्हणतात, आणि तोंड आईसारखंच वाकडं करतात. उपाय दोघींचा एकच. चिंचेला तेलुगूत चिंतपंडू. ह्या सीमेवर माणसं भाषेवरून कितीही भांडोत, चिंचेपर्यंत आली की एकमत होतं.

भाच्याला ठाण्याच्या कुठल्याशा गिऱ्हाइकासाठी डोकऱ्याचा हत्ती हवा होता. आदिलाबाद डोकरा म्हणजे आमच्याकडची वोज लोकांची ओतकामाची कला. गोंडांच्या देवकार्यातल्या मूर्ती, घुंगरं, दिवे ही मंडळी पिढ्यानपिढ्या ओतत आली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते 'आदिलाबाद डोकरा' ह्या नावानं. गंमत अशी की २०१६ च्या दसऱ्याला सरकारनं आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. निर्मल वेगळा, मंचेरियाल वेगळा, आणि ज्या उशेगावात हे काम चालतं ते जैनूर मंडळातलं गाव कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. आम्ही आदिलाबादकर डोकऱ्याचा अभिमान बाळगतो तो असा, वाटणीत गेलेल्या शेतातल्या आंब्याला 'आमचा आंबा' म्हणावं तसा.

तर इंद्रवेल्ली, उटनूर करत आम्ही उशेगावला पोचलो. ओतकाम जवळून बघण्यासारखं आहे. आधी मातीचा गाभा, हत्तीच्या अंगासारखा पण कान-डोळे नसलेला. मग मेणात राळ मिसळून त्याची शेवयांसारखी बारीक दोरी काढायची आणि गाभ्यावर शेजारी शेजारी गुंडाळत जायची. झूल, साखळ्या, माहूत, डोळे, सगळं त्याच दोरीचं. बोटाच्या पेरानं ती दाबणाऱ्या बाईंचा हात इतका सराईत होता की त्या आमच्याशी बोलत होत्या, तिसरीकडे बघत होत्या आणि हत्तीला डोळा फुटत होता. त्यावर बारीक गाळलेली माती, मग भरड माती, आणि मेण बाहेर जायला व पितळ आत यायला एक वाट. भट्टीत घातलं की मेण जातं आणि त्याच्या रिकाम्या जागी पितळ येऊन बसतं. निवलं की साचा फोडायचा. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून एका हत्तीसारखा दुसरा हत्ती होत नाही.

फुटलेल्या साच्यातून जे निघतं ते काळंकुट्ट असतं. जळलेल्या मातीनं माखलेलं, चुलीमागं सापडल्यासारखं. ते ब्रशनं, कानशीनं साफ करायचं. कारागिरानं मराठीतच विचारलं, "चमकवून देऊ, का असाच राहू देऊ?" आमच्या भागात गोंडी, तेलुगू, मराठी, उर्दू ह्या चारही भाषांत घासाघीस करता येते, त्यामुळे त्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते भाच्याच्या उत्तराचं. तो म्हणाला, "असाच द्या. उलट अजून जुना करता आला तर बरं."

कारागीर हसला. त्यानं बोटानं भट्टीशेजारचा ढीग दाखवला. "जुना कशाला करता? जुनाच हाय. बघा की."

तो ढीग मोडीचा होता. चेपलेले तांबे, फुटकी घंगाळं, कान तुटलेल्या पराती, नळाच्या तोट्या. ह्याच पितळेचे हत्ती होतात. मी सहज एक तुकडा उचलला. घंगाळाच्या काठाचा असावा. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, भांड्यावर नाव घालणारे छिन्नी-हातोडीनं घालायचे तसलं. 'चि. सौ. कां.' एवढं वाचता आलं. पुढं भांडं तुटलेलं. कुणाच्या तरी लग्नातलं आंदण. घरात स्टील आलं तेव्हा ते मोडीत गेलं असणार. माझ्या आईचंही गेलं होतं. दोन हंडे आणि एक सतेलं देऊन तिनं स्टीलचे पाच डबे आणले होते, आणि त्या व्यवहारात आपण दुकानदाराला फसवलं असा तिचा आजही समज आहे.

आता हिशोब बघा. साठ-सत्तर वर्षांचं खरंखुरं जुनं भांडं मोडीच्या भावानं जातं. ते वितळवून नवा हत्ती होतो. तो नवा हत्ती जुना दिसावा म्हणून त्याला काळा करतात, आणि मग तो जुन्याच्या दसपट भावानं ठाण्याला जातो. त्या घंगाळाला कुणी सांगितलं असतं की बाई गं, थोडी कळकट राहा, तर वितळायची वेळ आली नसती.

भाच्याचं म्हणणं होतं की असं जुनेपण आणणं हीसुद्धा एक कारागिरीच आहे. ते मला मान्य आहे. आमच्या जुन्या निजामी मुलखात त्याचा बादशाही नमुनाच आहे. १९५६ साली भाषावार वाटण्या होईपर्यंत आम्ही आणि बीदर एकाच राज्यात होतो. बिदरी काम म्हणजे दुसरं काय? सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असा ओतीव धातू. मोरचूद लावून तो आधी तात्पुरता काळा करायचा, म्हणजे कोरताना रेघ दिसते. कोरलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची, घासून सपाट करायचं, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापलेल्या भांड्यावर चोळायची. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. माती मात्र ऊन-पाऊस न लागलेल्या जागेचीच पाहिजे. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. पुरणपोळी बिघडली की नाही हे चाखून कळतं हे मला माहीत होतं; भिंतीची माती चाखून पारखणारा जिभेचा धनी मात्र बीदरलाच. बिदरीला २००६ सालीच मानांकन मिळालं.

आमच्या घरीही एक बिदरी पानाचा डबा होता. वडिलांना कचेरीतल्या लोकांनी निरोपाला दिलेला. आईनं तो पहिल्या अमावास्येआधीच नीट घासला. काळं तिला मळ वाटलं आणि पांढरी वेल ही मळातून डोकावणारी खरी चांदी. तिनं सगळीकडे चांदी काढायचा प्रयत्न केला. तीन चिंचेचे हात दिल्यावर वेल आणि जमीन दोन्ही सारखीच राखाडी झाली. वडील दोन दिवस पान खायचे बंद होते.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो घाबरायचं सोडून चेकाळला. त्यानं फोनवर आईला अमेरिकेतली स्वातंत्र्यदेवता दाखवली. १८८६ साली उभी केली तेव्हा ती नव्या पैशासारखी तांबूस होती. वीसेक वर्षांत समुद्राच्या हवेनं हिरवी झाली. १९०६ च्या सुमारास सरकारनं तिला रंग द्यायचं काढलं, तर लोकांनीच ओरड केली की आम्हाला हिरवीच हवी. लष्करी इंजिनिअरांनी तपासून सांगितलं की हा हिरवा थर खालच्या तांब्याचं रक्षणच करतोय. जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचं तांबं, पण सव्वाशे वर्षांहून जास्त टिकलं ते त्या थरामुळे. लोखंडाचं तसं नसतं. लोखंडाचा गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि मागून पुन्हा हवा-पाणी आत शिरून नवा गंज धरतो. तांब्याचा जंगाल म्हणजे अंगाला घट्ट बसलेली गोधडी, आणि लोखंडाचा गंज म्हणजे वाळवी.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "एवढी मोठी बाई," ती म्हणाली, "अन् कोणीच घासत नाही?"

मी गणिताचा मास्तर होतो. सवय जात नाही. तिच्या अंगावर सुमारे २८ टन तांबं आहे. अर्धा किलोच्या तांब्याला आई लिंबाएवढी, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम चिंच घेते. अठ्ठावीस हजार किलोचे छप्पन्न हजार तांबे; म्हणजे चौदाशे किलो चिंच. चौदा क्विंटल. आकडा ऐकून आई गप्प बसली. मला वाटलं, पटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "उटनूरच्या बाजारात भेटते तेवढी."

आता हत्ती. भाच्याला तो नुसता काळा नको होता. काळा तर दुकानदारही करतात. त्याच्या ठाण्यातल्या एका दुकानात, जिथं मालक स्वतः केसांना कलप लावून बसतो, तिथं नव्या मूर्तीला काळा रंग देऊन उंचवट्यावरचा फडक्यानं पुसतात, खाचेतला राहू देतात, वरून मेणाचा हात मारतात आणि 'शंभर वर्षांची' म्हणून देतात. पूर्वी तोंडाला काळं फासलं की माणूस गाव सोडून जायचा. आता काळं फासलं की भाव दुप्पट होतो. पण भाच्याला हिरवा पाहिजे होता, आणि तोही खरा. आदिलाबादच्या कोरड्या हवेत तसा हिरवा येण्याची वाट बघायची तर आणखी दोन पिढ्या लागल्या असत्या. त्याच्याकडे चार दिवस होते.

मार्ग बरेच निघाले. उकडलेलं अंडं डब्यात ठेवलं तर त्यातल्या गंधकानं धातू काळवंडतो. पण आमच्या घरात अंडं हत्तीवर बसून आलं तरी उंबरा ओलांडू शकत नाही. गोमूत्रानंही रंग येतो, तर आईनं सांगितलं की गोमूत्र शिंपडायचं असतं, त्यात हत्ती बुडवायचा नसतो. शेणाच्या उकिरड्यात पुरून ठेवणं ही जुन्या वस्तू बनवणाऱ्यांची परंपरागत युक्ती. पण उकिरड्याचं दैव फिरायला बारा वर्षं लागतात असं म्हणतात, आणि भाच्याचं परतीचं रिझर्व्हेशन सोमवारचं होतं.

शेवटी नवसागर आणि चुन्यावर एकमत झालं. नवसागर कल्हईला लागतो. कल्हईवाला आमच्या गल्लीत येईनासा झाला, पण किराणा दुकानात नवसागर अजून मिळतो. चुना पानवाल्याकडून. दोन्ही कालवून ओलं केलं की अमोनियाचा वायू सुटतो, आणि मिठाच्या पाण्यानं ओला केलेला पितळी हत्ती त्या वाफेत कोंडून ठेवला की हिरवा होतो. घट्ट झाकणाचा डबा पाहिजे. घरात असा एकच, बायकोचा पापडाचा. तो तिला न विचारता घेतला, हा ह्या प्रयोगातला पहिला दोष.

हत्तीला साबणानं आंघोळ घातली, कारण बोटाचं तेल राहिलं तर तिथं रंग धरत नाही. डब्यात तळाशी कालवण, त्यात पालथी वाटी, वाटीवर हत्ती. झाकण लावायच्या आत वास सुटला. माझ्या नाकातला एकेक केस स्वतंत्रपणे जळाला. भाचा अंगणात पळाला. भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला, "एमैंदी वदिना? गॅस लीक?" बायको म्हणाली, "नाही हो, हत्ती म्हातारा करून राहिले." अक्कांनी एवढ्या मराठीवर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर हत्तीला गोवर आल्यासारखे तपकिरी चट्टे. पाठीवर भाच्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. पोलिसांना दिला असता तर तो पकडला गेला असता. पुन्हा धुतला, पुन्हा मीठ, पुन्हा डबा. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र झाकण काढलं आणि मीही क्षणभर गप्प झालो. मोराच्या मानेखाली असतो तसला रंग. झुलीच्या दोऱ्यांच्या मधून निळा, गंडस्थळावर फिक्का हिरवा, सोंडेच्या टोकाला मूळ पितळेची थोडी ऊब. ते चिंचेचं माहेर असलेल्या घरात बोलायचं नसतं, पण सुंदर दिसत होता. भाच्याची आई माझी बहीण, तीही कधी एवढ्या मायेनं त्याच्याकडे बघत नसेल.

रंग सुकून पक्का व्हायला एक दिवस द्यायचा, मग मेणाचा हात. हत्ती अंगणात पाटावर ठेवून आम्ही दोघं केसलापूरकडे गेलो. मेसराम घराण्याचे लोक पायी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, त्या पाण्यानं अमावास्येच्या रात्री नागोबाची पूजा होते आणि जत्रा सुरू होते. भाच्याला बैलगाड्या आणि राहुट्या बघायच्या होत्या. जत्रेच्या रस्त्यावर गर्दी इतकी, की जाऊन यायला दिवस गेला. वाटेत तो सारखं अमावास्या, अमावास्या म्हणत होता आणि माझ्या डोक्यात काही केल्या उजेड पडला नाही. अमावास्या उद्या. म्हणजे आज आदला दिवस.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात पाटावर सगळी मंडळी न्हाऊन बसली होती. बिननाकाचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कासव झालेला नंदी, समई, आणि रांगेच्या शेवटी हत्ती. सोन्यासारखा. झुलीतल्या खाचा बाभळीच्या काट्यानं कोरून काढलेल्या. कपाळाला हळदकुंकू.

"तीन दिवस डब्यात कोंडून लेकराची काय गत केली होती," आई म्हणाली. "हात भरून आले माझे."

भाचा पायरीवर बसला. त्याच्याच्यानं बोलवेना. आईनं त्याच्या पाठीवरून चिंचेचा हात फिरवला. "एवढं तोंड कायले पाडतं, बाबू? तुले पाहिजे तर पुन्हा मळव. मी पुन्हा घासून देईन."

मोहेंजोदडोची ती साडेदहा सेंटिमीटरची नाचणारी पोरगी १९२६ साली सापडली, डोकऱ्यासारख्याच मेणाच्या रीतीनं ओतलेली. ती पुरातत्त्व खात्याला सापडली हे तिचं नशीब. आमच्या आईला सापडली असती तर हातातल्या बांगड्यांपैकी एक उरली नसती, पण चेहरा मात्र असा उजळला असता की बस्स.

भाचा चकचकीत हत्ती घेऊन सोमवारी गेला. गिऱ्हाइकानं तो नाकारला. मग तो भाच्याच्याच बाल्कनीत, खाडीच्या तोंडाला, पडून राहिला.

श्रावणात त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. खाडीच्या खाऱ्या हवेनं आणि पावसानं हत्ती आपसूक हिरवा व्हायला लागला होता. नवसागर नाही, चुना नाही. "आजीला सांगू नका," तो म्हणाला. मग मूळ विषयावर आला. तेच गिऱ्हाईक आता खरी जुनी समई मागत होतं. विकायची नाही हे त्याला माहीत होतं, पण नुसती किंमत काढावी म्हणून त्यानं आमच्या समईचा फोटो जुन्या वस्तूंच्या एका जाणकाराला दाखवला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला नवी आहे. फार तर पाच वर्षांची. पटिनाच नाही म्हणे."

पणजीची समई. तिच्या दांड्यावरची वेल चार पिढ्यांच्या सुनांनी घासून सपाट केली, वरच्या मोराची चोच गेली, तुरा गेला, आता तो साळुंकीसारखा दिसतो, आणि हा जाणकार म्हणतो पाच वर्षांची! आमच्याकडे वस्तू किती जुनी हे तिच्यावर काय साचलं ह्यावरून नाही, काय झिजलं ह्यावरून बघायचं असतं. हे त्याला कोण सांगणार? नाकं मोज म्हणावं.

"मामा, तळ बघितलात का कधी?" भाचा म्हणाला. "जुन्या वस्तूचा तळ बघतात. फोटो पाठवा."

मी समई देवघरातून काढून खिडकीपाशी नेली आणि उलटी केली. बैठक आतून पोकळ. तिथं हात जात नाही, म्हणून चिंचही कधी गेली नव्हती. आत काळसर तपकिरी, काठाशी हिरवा, घट्ट, रेशमासारखा थर. भाच्यानं चार दिवसांत आणू म्हटलेला माल तिथं शंभरावर वर्षं मुक्कामाला होता. आणि त्याच्या मधोमध ठिपक्यांची अक्षरं, न झिजलेली, सगळी. शके १८२७. म्हणजे १९०५. खाली 'मामाकडून', आणि पणजीचं नाव. सासरचं नव्हे, माहेरचं. ते आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. वडिलांनाही नसावं. मी दोनदा वाचलं.

"काय पाहून राह्यला रे?" दारातून आई म्हणाली. श्रावणातली अमावास्या, पिठोरी, दुसऱ्या दिवशी होती. तिच्या हातात परात होती आणि चिंच भिजून मऊ झाली होती. "आतून मळली का? दाखव."

"काही नाही," मी म्हणालो आणि समई सरळ केली. "तेल सांडलं होतं, पुसलं."